हा फोटो विलायतेत नेमका कुठला?

मागच्या अंकात आम्ही सहज लिहिलं होतं की घरात इंग्लंडातल्या गावांचे जुने फोटो, पोस्टकार्डं असतील तर प्रश्न पाठवा. कोल्हापुरातल्या ट्रंकांमधनं एवढी विलायत पडून आहे हे खरंच माहीत नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, काही निवडलेत. आणि एक विनंती, मागची बाजू पण पाठवत चला हो, निम्मी मंडळी फक्त पुढची बाजू पाठवतात आणि विचारतात कुठलाय.

प्रश्न : पणजोबांच्या ट्रंकेत एक पोस्टकार्ड सापडलं. बाजाराचा रस्ता, मागं चर्च, एक घोडागाडी. खाली गावाचं नाव होतं पण ओल लागून गेलंय, फक्त शेवटचं 'टन' वाचता येतं. तिकीट कुणीतरी काढून घेतलंय. कोपऱ्यात एक नंबर आणि बारीक अक्षरात 'एफ. एफ. अँड कं.' आहे. गाव कसं शोधायचं? (मंगळवार पेठ)

'टन'च्या नादाला लागू नका. ब्राइटन, ल्यूटन, टॉन्टन, नॉर्थॅम्प्टन, ही यादी संपत नाही. तुमचं खरं घबाड म्हणजे तो नंबर. एफ. एफ. म्हणजे फ्रान्सिस फ्रिथ. लिव्हरपूलला किराणा मालाचा मोठा धंदा होता या माणसाचा, तो विकून टाकला आणि कॅमेरा घेऊन इजिप्त, पॅलेस्टाइन फिरून आला, मग १८६० च्या सुमारास लंडनच्या दक्षिणेला रायगेट गावात कंपनी काढली आणि ठरवलं काय तर ब्रिटनमधल्या प्रत्येक गावाचा, खेड्याचा फोटो काढायचा. एकट्याचं काम नव्हतंच ते, पगारी फोटोग्राफर गावोगाव फिरायचे. फ्रिथ १८९८ ला गेला, पण कंपनी पुढं १९७० च्या आसपासपर्यंत चालली आणि सुदैवानं तिचा साठा वाचला. आता तो ऑनलाइन आहे, गावाच्या नावानं शोधता येतो आणि नंबरानं पण. जुन्या फोटोंना नुसता नंबर असतो आणि तो वर्षागणिक वाढत जातो, नंतरच्यांना गावाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि पुढं नंबर. म्हणजे नाव ओलीनं खाल्लं तरी नंबर शाबूत आहे तोवर काळजी नाही.

तोवर कार्ड उलटं करा. मागं मधोमध उभी रेघ आहे का, डावीकडं मजकूर आणि उजवीकडं पत्ता? ही पद्धत ब्रिटनमध्ये १९०२ पासनं सुरू झाली. त्याआधी मागं फक्त पत्ता लिहायचा आणि जे काय सांगायचं ते पुढं चित्राच्या कडेला कोंबायचं. भिंग असेल तर चित्रावर धरा, बारीक बारीक ठिपके दिसले तर छापील, नाही दिसले तर खरा फोटो. तिकीट गेलं याचं वाईट वाटलं कारण त्यावर राजाचं तोंड आणि शिक्का दोन्ही असतं, पण ज्या घरात तिकिटं जमवणारं पोरगं होतं त्या घरातलं एकही कार्ड वाचलेलं नसतं, इलाज नाही. तसा शिक्का असता तरी त्याच्यावर पूर्ण विसंबायचं नसतंय. एकच चांगला फोटो कंपन्या वर्षानुवर्षं छापून विकायच्या, त्यामुळं पोस्टात टाकलेली तारीख आणि फोटो काढलेली तारीख यात दहा-दहा वर्षांचा फरक सहज पडतो.

प्रश्न : आमचे पणजोबा १९०२ साली शाहू महाराजांबरोबर लंडनला गेले होते असं घरात सांगतात. सोबतच्या फोटोत ते कोट-फेट्यात उभे आहेत, मागं टेलिफोनचं बूथ आहे. हा त्या दौऱ्यातला फोटो म्हणून फ्रेम करून लावू का? (शिवाजी पेठ)

फ्रेम जरूर करा, खाली १९०२ लिहू नका. तुमच्या फोटोतलं ते घुमटाकार डोक्याचं, बारीक चौकटींच्या काचांचं बूथ लंडनच्या रस्त्यावर आलं १९२६ ला, आणि खेडोपाडी पोचलेलं त्याचं धाकटं भावंड १९३६ चं. महाराज तर १९२२ लाच गेले. तेव्हा हा फोटो नंतरचा, आणि बहुतेक पणजोबांचा नसून त्यांच्या पुढच्या पिढीतल्या कुणाचा तरी असणार, नाकडोळे घराण्याचे सारखेच असतात.

म्हणजे घरातली गोष्ट खोटी असं मी म्हणत नाही. महाराज १९०२ ला सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला गेले होते, केंब्रिजनं त्यांना एलएल. डी. ही कायद्याची मानद पदवी दिली ती त्याच दौऱ्यात. राज्याभिषेक ठरला होता २६ जूनला, ऐन वेळी राजाच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं आणि तो गेला ९ ऑगस्टवर. मधल्या काळात, २६ जुलैला, इकडं करवीरच्या गॅझेटात ५० टक्के आरक्षणाचा हुकूम निघाला. त्यामुळं त्या दौऱ्याचा खरा कागद शोधायचा तर लंडनच्या फोटोपेक्षा कोल्हापुरातल्या पुराभिलेखागारात जाऊन दौऱ्याबरोबर कोण कोण होतं ते विचारा.

प्रश्न : वळिवडे कॅम्पात आजोबांचं दुकान होतं. तिथल्या एका पोलिश कुटुंबानं नंतर पाठवलेला फोटो आहे, अर्धगोल पत्र्याच्या खोल्या, समोर दोन मुली, खाली सगळं पांढरं. गावात काहीजण म्हणतात हा वळिवड्याचाच फोटो आहे, जमिनीवर चुना टाकलाय. (उचगाव)

चुना कुठला, बर्फ आहे तो! वळिवड्याच्या बराकी कौलारू होत्या. या अर्धगोल पत्र्याच्या खोल्या म्हणजे निसन हट, ब्रिटिश लष्कराच्या. १९४३ ते ४८ वळिवड्यात जवळपास पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका-मुलं, रशियातनं इराणमार्गे आलेली. घरचे पुरुष जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेत ब्रिटिशांच्या बाजूनं इटलीत लढत होते. युद्ध संपलं तर पोलंड रशियाच्या पंखाखाली गेलेलं, परत जायची सोय नाही, मग ब्रिटननं १९४७ ला खास कायदा करून या सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना आसरा दिला. पण तिथं तरी घरं कुठं होती, लंडन बाँबनं पडलेलं. म्हणून युद्धात बांधलेल्या लष्करी छावण्या आणि हॉस्पिटलं यांच्यात त्यांना ठेवलं, ग्लॉस्टरशायरमधलं नॉर्थविक पार्क, डेव्हनमधलं स्टोव्हर, वेल्समधलं पेन्‌रॉस अशी बरीच ठिकाणं होती. एका कॅम्पातनं दुसऱ्या कॅम्पात, पंचगंगेच्या उन्हातनं थेट या थंडीत. त्या मुलींच्या अंगातले कोट बघा, दोघींनाही मोठे होतायत.

फोटोमागं जे पोलिश लिहिलंय ते मोबाईलवर भाषांतर करून वाचायला जाऊ नका, हाताचं अक्षर असलं की ते काहीच्या बाही सांगतंय. पोलिश येणाऱ्या माणसाकडनंच वाचून घ्या. भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची लंडनमध्ये संघटना होती, त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही कोल्हापूरला येऊन महावीर गार्डनमधल्या स्मारकाला आणि जुना कॅम्प बघायला गांधीनगरला जातात. पुढच्या वेळी कुणी आलं की हा फोटो घेऊन जा. तुमचा फोटो ओळखणारं माणूस भेटायची शक्यता कुठल्याही वेबसाइटपेक्षा तिथं जास्त.

प्रश्न : वडील डॉक्टर, लग्नानंतर आई-वडील काही वर्षं इंग्लंडात होते. एका फोटोत विटांच्या घरांची लांबलचक रांग आहे, समोर गाडी. मागं वडिलांनी 'ओल्डहॅम, लँक्स' लिहिलंय पण नकाशात ओल्डहॅम ग्रेटर मँचेस्टरमध्ये दाखवतंय. आई आता ऐंशीच्या पुढं आहे. ती सांगते की एक माणूस गाडी घेऊन यायचा, जुने कपडे न्यायचा आणि बदल्यात दगड द्यायचा. भाऊ म्हणतो आईची काहीतरी गल्लत होतेय, बोहारीण भांडी देते, इंग्लंडात दगड कोण देईल? (ताराबाई पार्क)

भावाला सांगा, दगडच देत होते.

डाँकी स्टोन म्हणायचे त्याला. दगडाची भुकटी, सिमेंट आणि ब्लीचिंग पावडर दाबून केलेली वडी, साबणाएवढी. लँकेशायरमध्ये दाराची पायरी सरळ रस्त्यावर उघडते, अंगण नाही, म्हणून बायका पायरी पाण्यानं घासायच्या आणि कडेला या वडीनं पांढरा नाहीतर पिवळसर पट्टा ओढायच्या, आणि कुणाची पायरी कशी आहे यावर गल्लीत बोललं जायचं. भंगारवाला चिंध्या घेऊन ही वडी द्यायचा. शेवटचा कारखाना ओल्डहॅमच्या शेजारी अ‍ॅश्टनला होता, १९७९ पर्यंत चालला. पुस्तकात वाचून असलं कुणी सांगत नाही, तुमच्या आई तिथं राहिल्यात म्हणून त्यांना माहितीय.

वडिलांचंही बरोबर आहे. 'लँक्स' म्हणजे लँकेशायर, आणि १ एप्रिल १९७४ पर्यंत ओल्डहॅम तिथंच होतं. त्या दिवशी जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या आणि ग्रेटर मँचेस्टर नावाचा नवा भाग झाला. असं पुष्कळ गावांचं झालंय, बोर्नमथ हॅम्पशायरमधनं डॉर्सेटमध्ये गेलं, साउथपोर्ट मर्सीसाइडमध्ये. (जुन्या फोटोंमागं 'हँट्स' असेल तर हॅम्पशायर, 'सॅलप' असेल तर श्रॉपशायर, हे लिहून ठेवा, लागतंय.)

आता फोटोतली मोटार. मी फोटो मोठा करून बघितला, नंबर प्लेटच्या पहिल्या तीन अक्षरांतली शेवटची दोन बी-यू आहेत, आणि सगळ्यात शेवटी एफ. आपल्याकडं एमएच-०९ दिसलं की कोल्हापूर, तसं तिकडं तेव्हा बी-यू म्हणजे ओल्डहॅम. शेवटचं अक्षर वर्षाचं, एफ म्हणजे ऑगस्ट १९६७ ते जुलै १९६८. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा नाही, नंतरचा मात्र असू शकतो, गाडी जुनी झाल्यावर पण काढलेला असेल. त्यासाठी आईंना विचारा, गॅसच्या मीटरात शिलिंग टाकायचात का? टाकत असतील तर त्या तिथं बहुतेक १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधी होत्या, त्या दिवशी दशमान चलन सुरू झालं. अगदी पक्कं मात्र नाही, शिलिंगचं नाणं पुढंही पाच पेन्स म्हणून चालत होतं. थेट साल विचारलं तर माणूस गडबडतो, पण मीटर, दूध, कोळसा, शेजारीण असं विचारलं की धडाधड सांगतो. फोटो हातात द्या, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि मधी बोलू नका. भावाला बाहेर पाठवा तेवढा वेळ.

आणि फोटोत डावीकडं लांबवर धुराडं दिसतंय ते सूतगिरणीचं असणार. एके काळी सूत काढण्यात ओल्डहॅमचा हात जगात कुणी धरत नव्हतं, आणि तिथल्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं भारतातल्या गिरण्यांमध्ये यायची. आपली शाहू मिल १९०६ ची. ती आठवून आईंना तिथलं धुराडं ओळखीचं वाटलं असेल का, विचारून कळवा.

प्रश्न : चिकटपट्टीच्या अल्बममध्ये इंग्लंडचे फोटो आहेत, पावसाळ्यात पिवळे पडायला लागलेत. (कसबा बावडा)

ओढून काढू नका, फाटतात. आधी आहे तसा पानापानाचा फोटो घ्या, मग दात साफ करायचा फ्लॉस मिळतो त्याचा दोरा फोटोखालनं हळू सरकवा. नाही सुटला तर राहू द्या, पानासकट स्कॅन करा, ६०० डीपीआय (स्कॅनरमधलं बारकाव्याचं माप), दोन्ही बाजू. मागं लिहायचं तर मऊ पेन्सिल, बॉलपेन नको. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नको, आपल्याकडं जुलैत ती भिंत अख्खी ओली असते. आणि लॅमिनेशन अजिबात नाही, झेरॉक्सवाला कितीही म्हणाला तरी.