मेहुणीशी लग्न झालं तर त्याला 'पाट' म्हणू नका
प्रश्न असा आलाय की बायको वारल्यावर तिच्याच बहिणीशी लग्न केलं तर त्याला मराठीत काय म्हणायचं, 'पाट' चालेल का? अजिबात नाही! नागपुरात हे इतकं ऐकतो की डोकं फिरतं. मानेवाड्याच्या एका लॉनवर पंगतीत शेजारचे काका सांगत होते, "जावयाचा पाट लावून देल्ला धाकटीसंगं", आणि ती धाकटी पहिल्यांदाच बोहल्यावर चढलेली. अहो, पाट लागतो विधवेचा नाहीतर काडीमोड झालेल्या बाईचा, त्यालाच मोहतूरही म्हणत. नवरदेव दुसरेपणाचा असला तर तो बिजवर (भाऊबीजेतली बीज, म्हणजे दुसरी, बियाण्याचा काही संबंध नाही), पण लग्न ते लग्नच. 'भगिनीविवाह' तर नकोच, स्वतःच्या बहिणीशी केल्यासारखं वाटतं.

खरी गंमत 'मेहुणी'त आहे. बाराव्या शतकात जैन पंडित हेमचंद्राने 'देशीनाममाला' या प्राकृतातल्या देशी शब्दांच्या कोशात 'मेहुणिआ'चे अर्थ दिलेत दोन, बायकोची बहीण आणि मामाची मुलगी. बघा, दोघीही लग्न जुळू शकणाऱ्या! म्हणजे हे नुसतं नात्याचं नाव नाही, सोयरीक चालते हे सांगणारा शब्द आहे असं माझं ठाम मत आहे. हेमचंद्राने तो देशी, म्हणजे संस्कृतात मूळ नसलेला ठरवला, ते मला साफ अमान्य आहे. मूळ समोर दिसतंय, मिथुन, मैथुन. सवाष्ण आणि तिचा नवरा जोडीने जेवायला बोलावतो ते 'मेहूण' त्याच घरातलं, आणि कानडीत दिराला, मेहुण्याला 'मैदुन' म्हणतात. मैथुन म्हटलं की लाजून व्युत्पत्तीच गाळणारे पंडित आहेत त्यांचा मला राग येतो, मूळ अर्थ जोडी आहे, लाजायचं काय त्यात?

मेहुणीशी लग्नाची चाल जुनीच आहे. इंग्लंडात दिवंगत बायकोच्या बहिणीशी लग्नाला कायद्याने मोकळीक मिळाली १९०७ साली, आपल्याकडे १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात निषिद्ध नात्यांच्या यादीत भावाची बायको आहे (रूढी असेल तर सूट), मेहुणी नाहीच. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिताना बऱ्याच जातींबद्दल नोंदवलंय की बायकोची धाकटी बहीण चालते, थोरली नाही. का, ते आपल्या बोलीत बघा ना, थोरलीला मेहुणी म्हणतच नाहीत, ती आकडसासू, आणि सासूशी कोण लग्न लावेल!