गाणं पाठवताना लिंकच्या वर एक ओळ लिहीत जा

अगं,

तुझी प्लेलिस्ट मिळाली. वर नुसतं "काका ऐकाच, सगळी भारी आहेत" आणि खाली गाण्यांची ही लांबलचक यादी, निम्मी नावं तर मला वाचताच येईनात. तरी ऐकली सगळी, काही इथं कोल्हापुरात राजारामपुरीतून घरी येताना, काही रात्री नीट हेडफोन लावून. चार-पाच खरंच आवडली, दोन तर मीच आता दुसऱ्यांना पाठवतोय. पण तू विचारलंस ना की मी एवढी नवीन गाणी शोधून टाकते आणि कुणी ऐकतच नाही, सगळे अंगठा देऊन मोकळे, असं का, तर त्यावर जरा बोलतो. लांबेल, चहा घेऊन बस.

कॉलेजात असताना मी संध्याकाळचा लक्ष्मीपुरीत एका कॅसेटच्या दुकानात बसायचो. लोक कोरी कॅसेट आणि चिठ्ठीवर गाण्यांची यादी घेऊन यायचे, आम्ही भरून द्यायचो. मालक यादी हातात घेतली की आधी विचारायचे, "कुठं लावणार?" धान्याच्या ट्रकवाल्याला वेगळं लागतं, बारशाला वेगळं, आणि नवीन लग्न झालेला पोरगा मान खाली घालून यादी पुढं करतोय त्याला अजून वेगळं. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. शेवटी दोन-अडीच मिनिटं उरली तर गाणं मध्येच तुटलेलं मालकांना चालायचं नाही आणि टेप रिकामी फिरलेली पण चालायची नाही, मग तेवढ्यात बसणारं एखादं छोटं गाणं ते आपल्या मनानं टाकायचे. आणि गिऱ्हाईक परत यायचं ते बऱ्याचदा त्याच न मागितलेल्या गाण्याचं नाव विचारायला.

आता तू काय केलंस, तर मला, तुझ्या रूममेटला, आणि मला वाटतं तुझ्या आत्यालापण, एकच यादी ढकललीस. अशानं कुणी ऐकत नाही गं. माणूस बघून एक गाणं काढ. तो कधी ऐकणार आहे, बसमध्ये का अभ्यास करताना का रंकाळ्यावर चालताना, याचा विचार कर आणि एकच पाठव.

आणि त्यावर एक ओळ लिही. ही ओळ लिहिणं अवघड आहे, म्हणूनच सगळे "माइंडब्लोइंग", "गूजबंप्स" असलं काहीतरी टाकून सुटतात. "अंडररेटेड" तर तू बंदच कर, त्या शब्दातून गाण्याबद्दल काय कळत नाही, पाठवणाऱ्याला आपण सगळ्यांच्या आधी शोधलं हे सांगायचंय एवढंच कळतं. त्यापेक्षा गाण्यातली जागा दाखव. आपल्याकडं मैफिलीत शेजारचा माणूस कोपरानं ढोसून "ही जागा ऐक" म्हणतो की नाही, तेवढंच काम करायचंय.

उदाहरण देतो. तुझ्या यादीत "फास्ट कार" आहे, ल्यूक कोम्ब्सनं 2023 मध्ये गायलेलं, तुला ते नवीनच सापडलं. ते मूळ ट्रेसी चॅपमनचं, तिनंच लिहिलेलं, 1988 चं. त्याच वर्षी लंडनला वेम्बलीत नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम होता, तिथं स्टीव्ही वंडर ह्या मोठ्या गायकाच्या सिंथेसायझरचा डेटा असलेली हार्ड डिस्क आयत्या वेळी सापडेना, म्हणून आधीच गाऊन गेलेल्या ह्या पोरीला परत स्टेजवर पाठवलं, एक गिटार घेऊन, आणि जगानं तिला बघितलं. हे सांगायला छान आहे, पण ही गाण्याबाहेरची गोष्ट झाली. गाण्यातली जागा वेगळी आहे. गिटारचा तो एकच तुकडा फिरत राहतो, ती बाप दारू पितो, आई सोडून गेली, मी शाळा सोडली, असं सपाट आवाजात सांगत जाते, कोरस, म्हणजे आपलं धृपद, येतच नाही, येतच नाही, आणि आला की ड्रम्ससकट अंगावर येतो. आधी ती विचारते की ही गाडी आपल्या दोघांना इथून काढण्याइतकी जोरात पळते का. शेवटी तोच प्रश्न येतो पण त्यातून "आपण" गेलेलं असतं, आता फक्त "तू". तोपर्यंत तो गाडीवालाही तिच्या बापासारखाच प्यायला लागलाय. आता तू मैत्रिणीला लिंक पाठवलीस आणि वर लिहिलंस, "शेवटच्या कडव्यात कोण गाडीत बसतंय ते ऐक", तर ती शेवटपर्यंत ऐकणारच की!

नवीन म्हणजे काल आलेलं असं धरू नकोस हेही त्यातच आलं. स्पॉटिफाय, यूट्यूब सगळीकडं नवीन गाणी शुक्रवारी येतात, 2015 पासून जगभर हाच दिवस ठरलाय, आणि तू शुक्रवारी रात्रीच यादी काढून बसतेस. एवढी घाई कशाला? निक ड्रेक नावाचा एक इंग्लिश पोरगा होता, तीन अल्बम काढले, विकले गेले नाहीत, 1974 मध्ये सव्वीस वर्षांचा असताना गेला. पुढं 1999 मध्ये फोक्सवॅगननं त्याचं "पिंक मून" जाहिरातीत वापरलं आणि लोक दुकानात विचारायला लागले की हा कोण. तोपर्यंत त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. त्या नावाचा अख्खा अल्बम अठ्ठावीस मिनिटांचा आहे बघ, साठच्या कॅसेटच्या एका बाजूला बसतो. मालक खुश झाले असते.

स्वतः किती वेळा ऐकून मग पाठवायचं? मी म्हणतो, चाल तोंडात बसेपर्यंत. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं मोजतात, त्यामुळं हल्लीची पॉप गाणी सुरुवातीलाच हुक, म्हणजे पटकन तोंडात बसणारा तुकडा, टाकून मोकळी होतात आणि पहिल्यांदा ऐकताना सगळंच गोड लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करताना काय आठवतंय ते खरं. आणि जमलं तर त्याच गाण्याची लाइव्ह, कमी वाद्यांची रेकॉर्डिंग शोध. टायनी डेस्क, ते ऑफिसच्या टेबलाजवळ गाण्याचे व्हिडिओ, बघतेसच तू. ते सुरूच असं झालं, 2008 मध्ये अमेरिकन रेडिओची दोन माणसं लॉरा गिब्सन नावाच्या गायिकेला ऐकायला बारमध्ये गेली आणि गर्दीच्या आवाजात तिचं गाणं ऐकूच येईना, तर ती दोघं तिला म्हणाली, बाई, तू आमच्या ऑफिसात येऊन टेबलाजवळच गा. स्वतः लिहून गाणाऱ्यांचं गाणं तसंच तपासायचं. एक माणूस, एक गिटार, आणि तरी टिकतंय का. नाही टिकलं तरी गाणं वाईट असं नाही हं, काही गाणी स्टुडिओतच जन्मतात, पण मग तुझ्या ओळीत त्या स्टुडिओच्या कामाबद्दल लिही.

मराठी एकही नाही तुझ्या यादीत, याचं मला जरा लागलंच. सुधीर फडके कोल्हापूरचे, इथंच जन्मले, चाल पण त्यांची आणि आवाज पण त्यांचा, जगदीश खेबुडकर आपल्या जिल्ह्यातले. बरं ते जुनं झालं म्हणशील, मग संदीप खरे घे, स्वतःच्या कविता स्वतः स्टेजवर म्हणतो आणि गातो. आणि "गुलाबी साडी" लागली की तू नाक मुरडतेस ते मी बघितलंय. संजू राठोड जळगावचा पोरगा, गाणं त्यानंच लिहिलंय आणि त्यानंच गायलंय. मग सिंगर-साँगरायटर म्हणजे उदास चेहरा आणि गिटारच पाहिजे असं कुणी सांगितलं तुला? लग्नाच्या वरातीत चालतं म्हणून ते हलकं होत नाही.

एक मात्र तुझं बरोबर आहे, लहान गायकांची गाणी शोधतेस ते सोडू नकोस. 2024 पासून स्पॉटिफायवर वर्षात हजार वेळा तरी वाजल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. मोठ्या स्टारला हजार म्हणजे काहीच नाही, पण पीजीच्या खोलीत रेकॉर्ड करणाऱ्याला तो पहिला उंबरा आहे, आणि तिथं तुझ्यासारखीनं दहा जणांना नीट पाठवलेलं गाणं खरंच मोजलं जातं. पाठवायच्या आधी गाण्याचे क्रेडिट्स उघडून बघत जा, कुणी लिहिलंय, कुणी वाजवलंय, आणि आवडलं तर त्या गीतकाराची बाकीची गाणी शोध. अल्गोरिदमपेक्षा ह्या वाटेनं मला तरी जास्त चांगलं सापडलंय.

तर आता त्या यादीतलं एकच गाणं निवड आणि ह्यावेळी ओळीसकट पाठव. मला नको पाठवू, मी काय, काहीही ऐकतो. तुझ्या बाबाला पाठव. त्याला इंग्रजी गाण्यातलं एक अक्षर कळत नाही आणि जेवताना मोबाईल दिसला की चिडतो, तेव्हा कोणतं गाणं आणि काय ओळ ते नीट ठरव, आणि तो काय म्हणाला ते मला सांग.

काका