लॉगबुकात फ्लाइंगचा वेळ कुठून कुठपर्यंत धरायचा?

तुम्ही विचारलंय की लॉगबुकात, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीत, वेळ इंजिन सुरू केल्यापासून धरायचा की टेकऑफपासून, आणि पावसाळी हवेतलं उड्डाण इन्स्ट्रुमेंटच्या रकान्यात टाकायचं का. मी ठाण्यात राहतो, विमानं उडवतो, आणि ट्रेनिंगहून सुट्टीवर आलेली सोसायटीतली मुलं हेच विचारत असतात.

वेळ दोन्हीपासून नाही. टेकऑफच्या इराद्याने विमान जागचं हललं की वेळ सुरू, उड्डाण संपवून शेवटचं थांबलं की बंद. म्हणजे टॅक्सीचा, विमान जमिनीवरून चालवत नेण्याचा, वेळही धरायचा. इंजिन चालू ठेवून पार्किंगमध्येच उभे असाल तर ती मिनिटं सोडायची. जुहूला हेलिकॉप्टरवाल्यांचं वेगळं असतं, त्यांचा वेळ पंखा फिरायला लागल्यापासून तो थांबेपर्यंत.

वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) लिहीत असाल तर तारीख सांभाळा. 14 तारखेला पहाटे 5:10 ला निघालात तर यूटीसीत ते 13 तारखेचे 23:40. तारीख 14 आणि वेळ 23:40 असं लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय! दुसरी नेहमीची गफलत दशांशाची: दीड तास म्हणजे 1.5, 1.3 नव्हे.

आता ढगांचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग असतातच, म्हणून प्रत्येक उड्डाण इन्स्ट्रुमेंट होत नाही. बाहेरचं काही दिसत नाही आणि विमान निव्वळ उपकरणांवर सांभाळताय, तेवढीच मिनिटं अ‍ॅक्चुअल. तासाभराच्या उड्डाणात ती दहाच असतील तर दहाच लिहा. हुड (बाहेरचं दिसू न देणारा आडोसा) घालून इन्स्ट्रक्टरबरोबर केलेलं ते सिम्युलेटेड. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, 200 तासांत इन्स्ट्रुमेंटचे 10 लागतात, त्यातले 5 पर्यंत सिम्युलेटरवर चालतात, त्यामुळे हा रकाना फुगवायचा मोह का होतो ते कळतं. पण तपासणारा त्या दिवसाचा मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) काढून बघू शकतो. आकाश निरभ्र आणि तुमच्या लॉगबुकात चाळीस मिनिटं अ‍ॅक्चुअल, मग बसा समजावत.

रात्रही तशीच. सूर्य बुडाला की लगेच नाइटचा रकाना उघडत नाही. नियमातली व्याख्या आणि त्या दिवसाची, त्या गावची सूर्यास्ताची वेळ बघूनच भरा.

सोलो, म्हणजे एकट्याने केलेलं उड्डाण, पीआयसीमध्ये (प्रमुख वैमानिक म्हणून केलेल्या तासांत) जातं, ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबरचं, जात नाही, मग पूर्ण उड्डाण तुम्हीच केलेलं असो.

शाईनेच लिहा. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. व्हाइटनर नको, त्याने उगाच संशय येतो. 2011 मध्ये खोट्या कागदांवर परवाने काढल्याची प्रकरणं उघडकीला आली होती, तेव्हा कुणी बारकाईने बघणार नाही असं धरून चालू नका. तुमचा आकडा विमानाच्या टेक लॉगशी (विमानाची स्वतःची नोंदवही), क्लबच्या ऑथरायझेशन बुकाशी (उड्डाणांच्या परवानगीची वही) आणि ई-जीसीए या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, पोर्टलवरच्या नोंदीशी जुळलाच पाहिजे.

सुट्टीत महिन्याभराच्या नोंदी आठवून भरायचा बेत असेल तर तो सोडा. परत गेल्यावर ऑथरायझेशन बुक समोर ठेवून भरा, आणि ड्युअलच्या सह्या तो इन्स्ट्रक्टर दुसऱ्या बेसवर जायच्या आत घ्या.