डॉलरवर देव कधी आला?

प्रश्न: माझा भाचा न्यू जर्सीला असतो. यंदा गड्ड्याच्या यात्रेला आला होता, तेव्हा एक डॉलरची नोट दाखवून म्हणाला, "मामा, यावर 'आमचा देवावर विश्वास आहे' असं छापलंय, अमेरिका घडवणारे वॉशिंग्टन, जेफरसन सगळे कट्टर ख्रिश्चन होते आणि देश त्यांनी धर्मावरच उभा केला." खरंय का हो?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: मामा (भाच्याचे मामा ते आमचेही मामाच), नोटेवर फोटो वॉशिंग्टनचा आहे म्हणून वाक्य पण त्यांच्याच काळातलं असं वाटणं साहजिक आहे, पण ते नाण्यावर आलं १८६४ ला, यादवी युद्ध चालू असताना, आणि कागदी नोटेवर तर १९५७ ला! वॉशिंग्टन गेले १७९९ ला, आता तुम्हीच हिशोब करा.

अमेरिका घडवणारी ही सगळी मंडळी एका माळेचे मणी नव्हतीच. जॉन जे, पॅट्रिक हेन्री हे पक्के श्रद्धाळू. हेन्रींना तर व्हर्जिनिया राज्यात ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी टॅक्स लावायचा होता, त्यांच्यातल्याच मॅडिसनने १७८५ ला विरोधात असा काही अर्ज लिहिला की तो टॅक्स बारगळला आणि उलट १७८६ ला जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा पास झाला. बरं, मॅडिसनच्या बाजूने सह्या करणाऱ्यांत बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक भरपूर, देवभोळेच की ते, पण सरकारी चर्चचा त्रास सोसलेले.

जेफरसनची तर गंमतच आहे. म्हातारपणी, १८२० च्या सुमारास, त्यांनी बायबलच्या प्रती घेतल्या आणि ब्लेडने कापून येशूची शिकवण तेवढी वेगळी चिकटवली, चमत्कार सगळे बाजूला, येशू मेल्यावर पुन्हा उठला (पुनरुत्थान) ते पण नाही. हे छापायला मात्र दिलं नाही, स्वतःपुरतंच वाचायचे. शेजारी वीस देव मानो की एकही न मानो, त्याने माझा खिसा कापला जात नाही की पाय मोडत नाही, असं आधीच लिहून बसलेला माणूस! (माणसं गुलाम ठेवून स्वातंत्र्यावर लिहायचे, ते वेगळंच.)

आणि फ्रँकलिन? १७८७ ला घटना लिहिताना गाडं अडलं तेव्हा रोज प्रार्थना करूया असं सुचवणारे हेच, बाकीच्यांनी विषय तसाच सोडून दिला. मरायच्या महिनाभर आधी, १७९० ला, कुणीतरी येशूच्या देवत्वाबद्दल विचारलं तर म्हणाले शंका आहे, पण आता डोकं कशाला शिणवू, लवकरच कमी कष्टात कळेल.

घटनेत तर तारीख लिहिताना 'आपल्या प्रभूच्या वर्षी' आलंय तेवढंच, बाकी देवाचं नाव नाही, उलट सरकारी पदासाठी धर्माची अट घालायची नाही असं कलम ६ मध्ये स्पष्ट आहे.

भाचा अजून सोलापुरात असेल तर शंभर डॉलरची नोट मागून बघा, त्यावर फ्रँकलिनच आहेत.