लाईट गेली की डोंगल हरवतो

प्रश्न : सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं चादरीच्या जॅकार्ड डिझाईनचं काम चालतं. कॉम्प्युटरवर उबुंटू आहे, पण डिझाईनचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही, म्हणून ते व्हर्ट-मॅनेजर या प्रोग्रॅममधल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे उबुंटूच्या आत चालणाऱ्या विंडोजच्या आभासी कॉम्प्युटरमध्ये टाकलंय. त्याला यूएसबी डोंगल, म्हणजे लायसन्सची यूएसबी किल्ली लागते. लाईट गेली-आली की विंडोज म्हणतं, डोंगल नाही. उबुंटूत तर तो दिसतो! कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असल्याने बंदही पडत नाही. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणतात, डोंगल बदला. वर्षभर काही तक्रार नव्हती. दिवाळीत तसलाच दुसरा डोंगल घेतला, दोन्ही नव्याने जोडले, तेव्हापासून हे सुरू झालं.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : डोंगल बदलू नका. दुखणं तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे.

एकटा डोंगल जोडला की व्हर्ट-मॅनेजर त्याचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी, म्हणजे कंपनीचा आणि मॉडेलचा नंबर लिहून ठेवतो. कुठल्याही पोर्टला लावा, तो बदलत नाही. एकाच जातीचे दोन दिसले की मात्र तेवढ्यावर ओळख पटत नाही, मग तो बस (यूएसबीची कुठली लाईन) आणि डिव्हाइस नंबरही नोंदवतो. आणि डिव्हाइस नंबर म्हणजे दवाखान्यातलं टोकन, बाहेर जाऊन आलात की नवीन. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड चालवून बघा. आत्ता डोंगलपुढे समजा ००७ आहे. काढून परत लावा, ००८ होईल. तुमचं मशीन ००७ ला हाका मारत बसलंय.

मग लाईटचा संबंध कुठे? डोंगल यूएसबी हबला (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) लावले असतील तर त्या हबचा अडॅप्टर कुठल्या प्लगवर आहे ते बघा. मला शंका आहे, तो इन्व्हर्टरवर नाही, म्हणून लाईट गेली की हब बंद पडतो आणि आली की डोंगलना नवीन नंबर मिळतो. तेवढा हलवलात तरी रोजची कटकट कमी होईल. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की मात्र नंबर पुन्हा बदलू शकतो.

कायमचा इलाज हवा तर वेगळं पीसीआय एक्सप्रेस यूएसबी कार्ड बसवा, दोन्ही डोंगल त्यालाच लावा आणि अख्खं कार्ड व्हर्च्युअल मशीनला देऊन टाका. मग डोंगल आले-गेले ते विंडोज बघेल, उबुंटू मध्ये पडणार नाही. त्यासाठी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) अख्खं कार्ड मशीनला देऊ देणारी सोय चालू हवी: प्रोसेसर इंटेल असेल तर व्हीटी-डी, एएमडी असेल तर आयओएमएमयू. इथे पुष्कळ जण फसतात. व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीटी-एक्स चालू असतं, मशीन पळत असतं, म्हणून सगळंच चालू आहे असं वाटतं, व्हीटी-डी वेगळं. इंटेलवर कर्नलच्या (उबुंटूच्या गाभ्याच्या) बूट ओळीत 'इंटेल_आयओएमएमयू=ऑन' हेही घाला. कार्डाच्या आयओएमएमयू ग्रुपमध्ये, म्हणजे एकत्रच द्याव्या लागणाऱ्या उपकरणांच्या गटात, दुसरं काही अडकलेलं निघालं, तर स्लॉट बदलून बघा.

मदरबोर्डवरचाच यूएसबी कंट्रोलर (पोर्ट सांभाळणारी चिप) देऊन कार्डाचे पैसे वाचवायला जाऊ नका. मी गेलो होतो. मशीन सुरू केलं आणि कीबोर्ड-माउस दोन्ही गप्प, कारण तेही त्याच कंट्रोलरवर! शेवटी बायकोच्या लॅपटॉपवरून एसएसएच करून, म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरमध्ये शिरून, मशीन बंद केलं.

आणि हो, कार्ड देण्याआधी डोंगलच्या जुन्या दोन्ही नोंदी मशीनमधून काढा. नाहीतर ते सापडत नाहीत म्हणून मशीन सुरूच होणार नाही.