खुणा कमी दिसल्या म्हणजे मासा वाचला का?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा दोनदा वाचला. तुळशीचा अर्क पाण्यात मिसळायचा, मासे त्यात ठेवायचे, मग गॅमा किरण द्यायचे आणि तांबड्या पेशींमधली सूक्ष्मकेंद्रकं, म्हणजे मुख्य केंद्रकाबाहेर दिसणारे गुणसूत्रांचे छोटे पुंजके, मोजायची. विषय मला मनापासून आवडला. माशाच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे गुणसूत्रांची मोडतोड थेंबभर रक्तातही बघता येते. तुळशीची निवडही योग्य आहे. तिच्या पानांतल्या ओरिएंटिन आणि विसेनिन या फ्लेवोनॉइडांमुळे (वनस्पतींत आढळणाऱ्या एका गटातल्या रसायनांमुळे) उंदरांच्या गुणसूत्रांना किरणांपासून संरक्षण मिळतं, असं आधीच्या प्रयोगांत दिसलेलं आहे.

तुझं एक वाक्य मात्र मला मान्य नाही: ‘सूक्ष्मकेंद्रकं घटली की अर्काचं संरक्षण सिद्ध होईल.’ एवढ्यावर ते सिद्ध होणार नाही. ती का घटली हे तुला दाखवावं लागेल, आणि खरं काम तेच आहे.

सूक्ष्मकेंद्रक कसं तयार होतं ते आठव. गुणसूत्राचा तुटलेला तुकडा पेशीविभाजनाच्या वेळी मागे राहतो आणि वेगळा पडतो. म्हणजे विभाजन झालंच नाही, तर नुकसान होऊनही खूण उमटत नाही. माशाच्या रक्तपेशी मुख्यतः अग्रवृक्कात, म्हणजे मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात, तयार होतात. अर्काने तिथलं विभाजन मंदावलं, तर तुझे आकडे सुंदर दिसतील आणि माशाचं काहीच भलं झालेलं नसेल. म्हणून त्याच काचपट्टीवर अपरिपक्व तांबड्या पेशींचं प्रमाणही मोज; नव्या पेशी तयार होताहेत की नाही ते त्यावरून कळेल. शिवाय किरण दिल्यावर लगेच काही माशांवर कॉमेट चाचणी कर. तिला पेशीविभाजनाची गरज नसते, डीएनएची तूट ती थेट दाखवते.

आकडे फसवे घटण्याची दुसरी वाट ऑक्सिजनची, आणि तिच्याकडे फारच कमी लोक बघतात. ऑक्सिजन भरपूर असलेल्या पेशींवर गॅमा किरणांचा परिणाम ऑक्सिजन नसलेल्या पेशींपेक्षा अडीच ते तीन पट होतो. आता विचार कर: वनस्पतींच्या अर्कांत बऱ्याचदा सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस आणणारी रसायनं, असतात, आणि सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांना इजा करतात. तळ्यातले नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड वापरतात ती याच गुणासाठी. कल्ले बिघडलेला मासा गुदमरतो, त्याच्या ऊतींत ऑक्सिजन कमी पडतो, आणि म्हणूनच त्याला किरण कमी बाधतात. कागदावर हे ‘संरक्षण’ म्हणून नोंदलं जाईल. प्रत्यक्षात आपण त्या जिवाला विष दिलेलं असेल. किरण देण्याच्या क्षणी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन प्रत्येक टाकीत मोजलेला हवा, आणि कल्ल्यांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेले हवेत.

अर्क विरघळवायला विद्रावक कोणता वापरणार, हे तू लिहिलेलंच नाहीस. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) हा नेहमीचा द्रव विद्रावक घेणार असशील तर जपून. तो स्वतःच हायड्रॉक्सिल मूलकांना, म्हणजे किरणांमुळे पाण्यातून तयार होऊन डीएनएला इजा करणाऱ्या अतिक्रियाशील कणांना, पकडतो आणि जास्त मात्रेत किरणांपासून संरक्षणही देतो. त्याचं प्रमाण लिटरमागे 100 मायक्रोलिटरच्या आत ठेव आणि नुसत्या विद्रावकाचा गट वेगळा ठेव. रक्त घेताना मासे शांत करायला लवंगतेल वापरायचं लिहिलं आहेस, ते बदल. त्यातलं युजेनॉल हे वनस्पतीतलंच अँटिऑक्सिडंट आहे. तुळशीचा परिणाम तपासताना ते नकोच.

अर्क केव्हा द्यायचा हेही नीट ठरव. पाण्यातून तयार होणारं हायड्रॉक्सिल मूलक पेशीत नॅनोसेकंदांपुरतंच टिकतं. त्याला अडवायचं तर अर्कातला पदार्थ त्या क्षणी पेशीच्या आत, डीएनएच्या अगदी जवळ असायला हवा. टाकीच्या पाण्यात असून उपयोग नाही. म्हणून अर्कात ठेवलेले मासे किरण देण्याआधी स्वच्छ पाण्यात हलव, आणि एका गटाला अर्क किरणांनंतरच दे. नंतर देऊनही फायदा झाला, तर तिथे मूलक पकडण्याचं काम नाही, दुरुस्तीचं काम चाललं आहे, असं समजायला जागा आहे. तो निकाल मला जास्त मोलाचा वाटेल.

शेवटच्या पानावर झेब्राफिशच्या भ्रूणांवर अतिनील किरणांचा प्रयोग सुचवला आहेस. तिथे हिरवट अर्क पाण्यातच किरण शोषून घेईल, त्यामुळे पाणी बदलणं अधिकच गरजेचं. आणि माशांमध्ये फोटोलायेज हे विकर (एन्झाइम) असतं, दृश्य प्रकाश मिळाला की ते अतिनील किरणांनी झालेलं नुकसान दुरुस्त करतं. सगळ्या गटांना नंतर सारखाच प्रकाश मिळायला हवा.

बाकी किरकोळ. तापमान सगळीकडे सारखं ठेव, थंड पाण्यात किरणांचे परिणाम उशिरा दिसतात. एका टाकीतले दहा मासे म्हणजे दहा स्वतंत्र प्रयोग नव्हेत, गणित टाकीगणिक कर. काचपट्ट्या मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. आणि पानं कोणत्या झाडाची, कधी तोडलेली, याची नोंद व वाळवलेला नमुना जपून ठेव.

किरणांच्या यंत्राची वेळ इतक्यात मागू नकोस. आधी नुसत्या अर्काच्या वेगवेगळ्या मात्रांत मासे 96 तास ठेव. ते कसे श्वास घेतात, खातात का, पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतात का, हे रोज लिही. एखादा मासा तडफडताना दिसला तर तास पूर्ण व्हायची वाट न बघता त्याला बाहेर काढ. ती वही घेऊन ये, मग किरणांची मात्रा आपण बसून ठरवू.

तुझी,
मार्गदर्शक