पंचेचाळिशीत विमा घ्यायला उशीर झाला का?

खुर्चीत टेकायच्या आधीच पंचेचाळिशीतल्या त्या गृहस्थांनी खिशातला घडीचा कागद माझ्यापुढे उलगडला. त्यावर चार वयं लिहिलेली: २५, ३५, ४५, ५५. प्रत्येकापुढे तेवढ्याच आयुर्विम्याचा हप्ता. ४५ भोवती पेन इतक्यांदा फिरवलेलं की कागद तिथे फाटायला आला होता.

"मॅडम, तिशीतच घ्यायला हवा होता. आता काय उपयोग?"

ही रुखरुख घेऊन माझ्याकडे कितीतरी जण येतात, आणि ती खोटी नसते. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने १८२५ मध्येच दाखवलं होतं की मोठ्या माणसांत मृत्यूची शक्यता वयाबरोबर चक्रवाढीने वाढते. ढोबळमानाने दर ८ वर्षांनी दुप्पट. म्हणजे २९ ते ४५ या काळात चौपट! हप्ता मात्र मुदतभर सारखाच ठेवतात, त्यामुळे म्हातारपणातल्या जोखमीचा भार आजच्या हप्त्यातच येऊन बसतो.

त्यांची गफलत इथेच होती. चारही आकडे वयाच्या ७५ पर्यंतच्या मुदतीचे होते.

"पंच्याहत्तरीत तुमच्या कमाईवर कोण अवलंबून असेल?" मी विचारलं.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग बोटांवर मोजू लागले. धाकटी ११ वर्षांची, घराचं कर्ज अजून १४ वर्षं. साठीनंतर कोणीच नाही. १५ वर्षांची मुदत धरली, तशी सगळ्यात महाग वर्षं गळाली आणि हप्ता आवाक्यात आला. बचतीची जोड असलेली योजना मी बाजूलाच ठेवायला सांगितली. तेवढ्याच संरक्षणाला तिचा हप्ता कितीतरी जास्त पडतो.

"पुढच्या वर्षी घेतला तर?"

याला मात्र मी ठाम नाही म्हणते. वर्षाने वाढणारं वय परवडतं, पण मधल्या काळात रक्तदाब किंवा मधुमेह निघाला तर हप्ता वाढतो, कधी अर्जच नाकारला जातो.

मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तंबाखूचं लिहायलाच हवं का? हप्ता वाढेल ना?"

वाढेल, बराच वाढेल. पण लपवलेलं दाव्याच्या वेळी उघडं पडलं, तर कंपनीपुढे पत्नीला एकटीनेच झगडावं लागेल. हे मी त्यांना अगदी कळवळून सांगितलं.

त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि सगळ्यात आधी तंबाखूच्या रकान्यात 'होय' लिहिलं.